एवढ्याशात काय मावणार

…नाही, घेऊ नका असं मी म्हटलेलंच नाही. तुम्ही विचारलंत, लहान टॅब घेण्यात काही अर्थ आहे का, मी म्हटलं, आधी घरात कोण कोण आहे ते बघा, कोण कोण नाही तेही बघा, आणि मग घ्या. तर तुम्ही हसायला लागलात. हसा. मी मुळात फार बोलत नाही, लग्नात तो फोटोवाला नवऱ्याला बाजूला घेऊन विचारत होता की वहिनींना सगळं पसंत आहे ना, इतकी मी गप्प. पण गप्प बसणाऱ्या माणसाचं एक असतं, एकदा सुटलं की थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही, सवयच नसते ना… तेव्हा आता ऐकाच.

तर आमच्याकडे आठ इंची टॅब आहे. एक आमच्याकडे आणि एक सासूबाईंकडे, जोडीच घेतली होती, माझ्या लग्नाच्या आधी, सासरे गेले तेव्हा. सासूबाई त्यांच्या गावी एकट्या, मुलगा नोकरीपायी इकडे, त्या घर सोडून यायला तयार नाहीत, म्हणून मुलाने डोकं लढवलं. दोन्ही घरांत एकेक टॅब, सकाळी व्हिडिओ कॉल लावायचा तो संध्याकाळपर्यंत बंदच करायचा नाही. “बोलायचं असं काही नाही गं,” मला म्हणाला, “नुसतं चालू ठेवायचं. आई घरातच आहे असं वाटतं.” किती गोड कल्पना, नाही? आणि एवढं बोलून तो टॅब साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि स्वतः कामावर निघून जायचा. आता मला सांगा, घरात मागे कोण उरलं?

माझं काम घरूनच. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो बघा, जो कुणीच वाचत नाही, तो छापायच्या आधी मी वाचते. चुका शोधते. दिवसभर आपलं चक्कर येणे, तोंडाला कोरड पडणे, क्वचित प्रसंगी भास होणे… बारीक अक्षरांचं मला काही वाटत नाही, त्यावरच पोट आहे. तेव्हा लहान टॅब म्हटल्यावर ऑफिसातले नवऱ्याचे मित्र जे नाक मुरडतात, एवढ्याशात काय मावणार म्हणून, तसं मी कधी मुरडलं नाही. त्या टॅबमध्ये मला एक अख्खी खोली दिसायची. समोर खिडकी, बाजूला स्वयंपाकघराचं दार, मध्ये एक तिपाई. सासूबाई दारातून आत-बाहेर करायच्या. आणि चित्राच्या खालच्या कडेला एक निळसर पट्टी. मला वाटलं, टेबलावरचं कापड असेल.

पहिल्याच दिवशी, नवरा गेल्यावर, त्या दारात आल्या, सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चहा टाकू का?”

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत. म्हणजे मलाच. आता त्या तिथे, मी इथे, चहा येणार कसा, असा प्रश्न कुणालाही पडेल, पण नवी सून असले प्रश्न विचारते का? मी म्हटलं, “हं.” तर त्यांनी खरंच चहा केला, दोन कप आणले, एक स्वतः घेतला आणि दुसरा तिपाईवर ठेवला, अगदी माझ्या समोर, वाफ येताना दिसत होती. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू. उठले, माझ्यापुरता चहा केला, आणि समोर बसून प्यायले. मनात म्हटलं, बघा, लोक उगाच सासवांना नावं ठेवतात.

मग ते रोजचंच झालं. “खिडकी लावू का? वारा लागतोय.” खिडकी त्यांची, वारा त्यांचा, आणि मी इकडे म्हणायची “हं”, आणि शाल घेऊन बसायची. “पाय वर घेऊन बसावं जरा, गुडघे दुखतात ना.” माझे गुडघे काही दुखत नव्हते हो, पण एवढ्या मायेने सांगतायत म्हटल्यावर स्टुलावर पाय घेतले. आठवड्याभरात खरंच दुखायला लागले. माहेरी आईचा फोन आला, “सासू कशी आहे गं?” म्हटलं, “खूप विचारतात.” “काय विचारतात?” “चहा.” पलीकडून आई म्हणाली, “नशीब काढलंस. माझ्या सासूने मला आयुष्यभरात एकच विचारलं, हे मीठ कुणी घातलं?”

आणि मी वागत कशी होते, ते ऐका. सकाळी वेणीफणी करून, नीट कपडे घालून साखरेच्या डब्यासमोर बसायची. पाठ ताठ. जांभई आली तर तोंडावर कागद. उठायचं झालं तर “आई, आलेच हं” असं सांगून उठायची, आल्यावर “आले” म्हणून सांगायची. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्यासमोर मी इतकी नीटनेटकी नसते. पण दिवसभर कुणीतरी आपल्याकडे बघतंय, आपली विचारपूस करतंय, या एकाच गोष्टीवर मी नव्या घरात तग धरून होते, खोटं कशाला सांगू. नवरा चांगला आहे, पण तो विचारत नाही. तो गृहीत धरतो. विचारणाऱ्या त्या एकट्याच.

…तर एके दुपारी काय झालं, चित्र एकदम हललं, गेलं, आणि मला त्यांच्या घराचं छत दिसायला लागलं. पंखा, आणि पंख्यावरची धूळ. टॅब कुणीतरी टेबलावर उताणा ठेवला होता. आणि आवाज. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक शिंपीकाका राहतात, ते आलेले.

“बघा ना मास्तर, शिवण उसवत चालली आहे.”

“उसवणारच वहिनी. हा खिसा मी साहेबांच्या वीज तपासायच्या मीटरसाठी शिवला होता. मीटर हलका. ही काच जड पडते. दुसरा लावून देऊ का, जाड कापडाचा?”

“नको. हाच राहू दे. दुहेरी टीप मारा फक्त.”

आणि शिंपीकाकांनी डगला झटकून उजेडात धरला, बरोबर माझ्या डोक्यावर. निळा डगला. मी तो ओळखला. आमच्या दिवाणखान्यात सासऱ्यांचा फोटो आहे, त्यात तोच आहे अंगात. सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे, आयुष्यभर, आणि कामावरून आले की डगला न काढताच खुर्चीत बसायचे, चहा होईपर्यंत, असं नवऱ्याने कधीतरी सांगितलेलं. तो डगला आता वर लोंबत होता, बाह्या खाली सोडलेल्या, आणि छातीवर हा एवढा खिसा.

टीप मारून झाली. सासूबाईंनी तो डगला खुर्चीच्या पाठीला चढवला, खांद्यावरून हात फिरवून सारखा केला, बटणं लावली. मग टॅब उचलला आणि त्या खिशात ठेवला. मला ठेवलं हो, मलाच. आधी अंधार, मग निळी कड, मग उजेड, आणि समोर तीच खोली. खिडकी, दार, तिपाई. रोज दिसते तीच. म्हणजे सासरे त्या खुर्चीत बसल्यावर त्यांना जेवढी दिसत असेल तेवढीच.

दोन पावलं मागे होऊन सासूबाईंनी बघितलं. म्हणाल्या, “आता ठीक आहे ना?”

आणि मी, सवयीने, म्हणाले, “हं.”

आता माझी अवस्था काय झाली असेल? समोर कागदावर क्वचित प्रसंगी भास होणे. मी बसल्या बसल्या एकेक जुळवत गेले. खिशातून वर फक्त कॅमेऱ्याचं टोक. पडदा सगळा खिशाच्या आत. म्हणजे इतके दिवस त्यांना मी दिसतच नव्हते. माझी वेणी, माझी ताठ पाठ, माझं आले नि गेले, सगळं कापडाच्या आत. आणि तो चहा, ती खिडकी, ते गुडघे… ते गुडघे माझे नव्हतेच. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी मात्र उत्तरं देत होते. गेलेल्या माणसाच्या खिशात बसून, त्याच्या वतीने, हं, हं, हं. आणि आवाज कापडातून गेला की बाईचा काय नि पुरुषाचा काय, हं ते हंच.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, गप्प बसायचं. आपला काय संबंध. त्या दारात आल्या. “चहा टाकू का?” मी ओठ घट्ट मिटून बसले. त्यांनी जरा वाट बघितली, परत विचारलं, “टाकू ना?” मी गप्प. चौकटीवर हात ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत, काही नाही. नुसत्या उभ्या, माणूस आत्ता बोलेल, मग बोलेल अशा. आणि मग आत गेल्या, पण चहा केलाच नाही. दिवसभर केला नाही. तिपाई रिकामी. आणि मी इकडे त्या तिपाईकडे बघत, माझा एक कागद वाचून झाला नाही.

तिसऱ्या दिवशी विचारलं तशी पटकन म्हणाले, “हं.” काय करणार.

नवऱ्याला सांगायचं की नाही? सांगितलं असतं तर दोनच गोष्टी झाल्या असत्या. एक तर तो रडला असता, नाहीतर आईला डॉक्टरकडे घेऊन गेला असता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असत्या, आणि त्या गोळ्यांच्या खोक्यातला कागदही मीच वाचला असता. गप्प बसले.

पण नवरा कसला बसतोय. तो संध्याकाळी घरी आला की सासूबाई टॅब खिशातून काढून हातात घ्यायच्या, इतका जवळ की आम्हाला दिसायचं कपाळ. नुसतं कपाळ. नवरा अर्धा तास कपाळाशी बोलायचा. मग एक दिवस वैतागला. “हा टॅबच चुकीचा घेतला. ना फोनसारखा हातात राहतो, ना मोठ्यासारखं काही दिसतं. ही मापं काढतात कशाला लोक? आईचे डोळे जातील.” आता मी काय सांगू, आई बघतच नाही म्हणून?

दुकानात गेलो. दुकानातला मुलगा, अहो काय त्याची ऐट, लहान टॅबकडे असा बघत होता जसं काही मी शिळं आणलंय. “मॅडम, हे आता चालत नाही. वाचायला फोन आहे, बघायला मोठा टॅब आहे, हे मधलं कशाला? एवढ्याशात काय मावणार?” आणि तुम्हाला सांगते, मी, जी लग्नात बोलले नाही ती मी, दुकानात भाषण केलं. हलका आहे, म्हटलं. एका हातात राहतो. मनगट दुखत नाही. आडवं पडून वाचताना तोंडावर पडला तर नाक शाबूत राहतं. म्हाताऱ्या माणसाला घरभर नेता येतो. कुठेही ठेवता येतो, पिशवीत, उशीखाली… खिशात. खिसा म्हणताना माझा आवाज जरा चिरका झाला. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. दुकानातला मुलगा म्हणाला, “मॅडम, तुम्ही आमच्याकडे कामाला या.”

आणि अकरा इंची दोन घेतले. जुने परत देण्याच्या बोलीवर. आमचा तिथेच दिला. सासूबाईंचा न्यायला माणूस त्यांच्या घरी जाणार, नवा देणार, जुना घेणार. नवरा खूश. मी म्हटलं, “आईंना विचारलंस का?” तर म्हणाला, “आईला काय विचारायचं? सरप्राईज आहे.” बघा, म्हटलं नव्हतं का मी, गृहीत धरतो.

ज्या दिवशी तो माणूस जायचा होता, त्या दिवशी सकाळी मी नव्या अकरा इंची टॅबवरून कॉल लावला. माझ्याकडे आता तीच खोली केवढी मोठी दिसत होती. तिपाईवरचे ओरखडे दिसत होते. डगल्याच्या खिशाची निळी कड, आणि तिचा सुटलेला एक धागा. त्या दारात आल्या. चहाचं विचारलं. मी हं म्हटलं. दोन कप झाले. आणि तेवढ्यात त्यांच्या दाराची बेल.

पुरुषाचा आवाज. “आजी, मुलाने नवा मोठा टॅब पाठवलाय. जुना द्या, लगेच निघतो.”

मग सासूबाई सावकाश खुर्चीजवळ आल्या. पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा दिवसाउजेडी इतक्या जवळून बघत होते. त्या वाकल्या, डगल्याची कॉलर सारखी केली आणि हळूच म्हणाल्या, “मुलगा म्हणतोय मोठा घे. मोठा काही इथे राहायचा नाही. पण त्याचं मन कसं मोडू?”

त्या विचारत होत्या हो. खरंच विचारत होत्या. आणि उत्तर द्यायला मी. हं म्हणू? हं म्हटलं तर संपलंच. त्यांची बोटं माझ्या दिशेने आली, पडद्यावर नुसती बोटंच बोटं, आणि मला म्हणायचं होतं, तो टॅब देऊ नका. घाबरले की काय झालं कोण जाणे, तोंडातून निघालं,

“मला देऊ नका.”

बोटं थांबली. दारातून तो माणूस म्हणतोय, “आत कोण आहे?”

सासूबाई सरळ उभ्या राहिल्या. “घरातलंच माणूस आहे,” म्हणाल्या. “जुना नाही द्यायचा आम्हाला. नवा ठेवायचा तर ठेव, नाहीतर घेऊन जा. मुलाला मी सांगते.” आणि दार लावून घेतलं.

परत आल्या, तिपाई ओढून माझ्यासमोर बसल्या. डगल्यासमोर.

“कधीपासून ठाऊक आहे तुला?”

“शिंपीकाका खिसा शिवायला आले होते तेव्हापासून.”

“आणि तरी उत्तरं देत होतीस.”

“हं म्हणत होते फक्त.”

“तेही तेवढंच म्हणायचे,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या की काय ते मला नीट कळलं नाही. “मला काय वाटलं, तू तुझ्या कामात आपल्याशीच हं हं करतेस. कापडातून येतं, चालून जातं. हे बघ, मला वेड लागलेलं नाही. माणूस गेलंय ते मला माहीत आहे. पण इतक्या वर्षांची विचारायची सवय, ती कुठे ठेवू? रिकाम्या खुर्चीला विचारलं तर खालचेवरचे म्हणतील, म्हातारी गेली कामातून. टॅबला विचारलं की म्हणतात, सुनेशी बोलतायत, किती छान.”

म्हणजे मी नुसती खिशात नव्हते, पडदा म्हणूनही होते. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते आतून आलंच. म्हटलं, “मग मला कधी काही विचारलंच नाहीत, आई?”

त्या उठल्या. टॅब खिशातून काढला, हातात धरला, आणि या वेळी नीट लांब धरला, कपाळ, डोळे, हनुवटी सगळं दिसेल असा. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. “दिवसा तुला कधी बघितलंच नाही मी,” म्हणाल्या. “किती बारीक झालीस. जेवलीस का गं?”

मी जेवले नव्हते. तसं सांगितलं. माझ्यासाठी विचारलेल्याला मी दिलेलं ते पहिलंच उत्तर असेल, “नाही.”

…असो. तर जुन्यावरची सवलत गेली ती गेली. नवरा विचारतो, आईने जुना का ठेवला, तर मी म्हणते, हलका आहे. त्याने ऑफिसात सांगितलं, माझी बायको लहान टॅबच्या बाजूने आहे. तिथेही तेच, एवढ्याशात काय मावणार. माणूस मावतो म्हणावं. बाह्यांसकट मावतो.

आता त्यांच्याकडे दोन्ही चालू असतात. मोठा फळीवर, लहान खिशात. आणि खिशातल्यासाठी इकडे मी माझा फोन लावून ठेवते, दुसरं काय. त्यामुळे मला दोन सासूबाई झाल्या आहेत. मोठ्यावरच्या मला विचारतात, जेवलीस का, झोपलीस का, तो उशिरा येतो का, तू बोलत का नाहीस त्याला. खिशासमोरच्या चहाचं विचारतात, खिडकीचं विचारतात, आणि मी हं म्हणते. दोघींनी एकमेकींचं नाव म्हणून काढलेलं नाही. आणि माझी काही तक्रार नव्हती हो, खरंच नव्हती, परवापर्यंत.

परवा सकाळी फोन लावला, तर काळोख. मग जरा उजेड आला तर समोर चुना. म्हणजे भिंत. भिंतीला एक बारीक चीर, वरून खाली गेलेली. मला वाटलं काही बिघडलं. मोठ्यावर बघितलं, तर सासूबाई बसल्यात भाजी निवडत, निवांत, आणि मागे ती खुर्ची, डगल्यासकट उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

मी हळूच विचारलं, “आई, खुर्ची का फिरवली?”

भाजीवरून नजर न काढता म्हणाल्या, “आज कोणती तारीख आहे ते आठवेपर्यंत राहू दे तसंच.”

“कोणती आहे?”

“मला काय विचारतेस? त्यांना विचार.”

आज तिसरा दिवस. मी त्या चिरेकडे बघत कागद वाचते. वाढदिवस म्हणून बघितलं, लग्नाचा दिवस म्हणून बघितलं, नवऱ्याला आडून आडून विचारलं, त्याला काही म्हणजे काही माहीत नाही. मोठ्या टॅबवर माझ्याशी हसून बोलतात, जेवलीस का गं म्हणतात, माझ्यावर राग नाहीच आहे त्यांचा. आता तुम्हीच सांगा, लग्नाला सहा महिने झाले, नवऱ्याशी माझं अजून एकदाही वाजलेलं नाही, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेय कोण, तर मी.